अब्बांनी तपासलेला प्रोग्रॅम

माझे अब्बा जुळारी होते. मिरजेतल्या एका लहान छापखान्यात त्यांनी पंचवीसेक वर्षं खिळे जुळवले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उरुसाची पत्रकं, निवडणुकीची हँडबिलं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटा मजकूर ते सरळ मजकुराइतकाच भरभर वाचत. नव्वदच्या दशकात डीटीपी आलं. मालकांनी खिळे किलोवर विकले आणि अब्बा घरी बसले. पुढे ओळखीपाळखीनं मिळणारी प्रुफं तपासून चार पैसे मिळवायचे. त्याच सुमारास मी कम्प्युटर शिकायला लागलो. ज्या यंत्रानं त्यांचं काम नेलं, त्याच यंत्राची फी ते भरत होते. घरात यावर कधी कुणी बोललं नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून मी पतसंस्थेच्या कर्जहप्त्यांचा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला. प्रोजेक्टच्या फायलीत प्रोग्रॅमची छापील प्रत जोडावी लागे. तिला लिस्टिंग म्हणतात. मी ती फार हौसेनं सजवली. प्रत्येक भागाच्या वर ताऱ्यांची चौकट, मधोमध शीर्षक, ओळींना आकडे, डाव्या बाजूला मोजूनमापून सोडलेली जागा. प्रोग्रॅम लिहायला जेवढ्या रात्री गेल्या, जवळपास तेवढ्याच सजवायला गेल्या. लाल रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरं टाकायची, हेही ठरलं होतं.

बांधणीला देण्याआधी कागदांचा गठ्ठा घरी आणला. अब्बांनी चष्मा लावला, निळी पेन्सिल घेतली आणि प्रूफ तपासावं तसा तो वाचायला बसले. त्यांना इंग्रजी अक्षरं जुळवता येत, पण प्रोग्रॅम म्हणजे काय, हे माहीत नव्हतं. मला गंमत वाटली. तासाभरानं त्यांनी हाक मारली. एका ओळीशेजारी समासात प्रश्नचिन्ह होतं.

"यहां कंस कायकू नई रे? पिछले पन्ने पे ऐसीच जगह पे है."

मी बघितलं. एका 'इफ'च्या पोटात दुसरा 'इफ' होता. इतर ठिकाणी अशा वेळी मी महिरपी कंस घातला होता, इथे नव्हता. मी म्हणालो, "चलता अब्बा, एकच ओळ असली की कंस नाही घातला तरी चालतं." त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. त्यांचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसलं होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी फाईल चाळली, मांडणीचं कौतुक केलं आणि म्हणाले, "चालवून दाखवा." त्यांनी वेळेवर हप्ते भरणाऱ्या खातेदाराचा क्रमांक टाकला. पडद्यावर काहीच आलं नाही. मग दहा दिवस हप्ता थकलेला खातेदार टाकला. पडद्यावर आलं, 'खाते नियमित'. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फाईल मिटून त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

चूक नेमकी त्या प्रश्नचिन्हापाशी होती. माझ्या मनात होतं ते असं: हप्ता थकला असेल आणि तीस दिवस उलटले असतील, तर दंड लाव, हप्ता थकलाच नसेल, तर 'खाते नियमित' छाप. म्हणून 'एल्स' मी पहिल्या 'इफ'च्या बरोबर खाली, एका रेषेत मांडला होता. पण सी भाषेला मोकळी जागा दिसतच नाही. अख्खा प्रोग्रॅम एका ओळीत कोंबला तरी तिला फरक पडत नाही. कंस नसेल, तर तिच्या नियमानं 'एल्स' जवळच्या 'इफ'चा, म्हणजे माझ्या दुसऱ्या 'इफ'चा. मी मांडलं एक, यंत्रानं वाचलं दुसरं. मांडणी इतकी देखणी होती की माझाही तिच्यावर विश्वास बसला होता. ज्यांना प्रोग्रॅम येत नव्हता, ते तेवढे फसले नाहीत, कारण ते अर्थ वाचत नव्हते. मागच्या पानाशी हे पान जुळतं का, एवढंच बघत होते.

ही फक्त शिकाऊ पोराची चूक नाही. फेब्रुवारी 2014मध्ये ॲपलच्या आयफोन आणि मॅकमध्ये एक गंभीर दोष उघड झाला. इंटरनेटवरची सुरक्षित जोडणी खरी की बनावट, हे तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली 'इफ'च्या ताब्यात होती. दुसरीही तेवढीच आत सरकवलेली, म्हणून डोळ्याला तीही 'इफ'चीच वाटे. पण तिथेही कंस नव्हते. दुसरी ओळ दरवेळी चालायची आणि पुढची सही-तपासणी वगळलीच जायची.

नोकरीला लागल्यावर कळलं की कोड मांडणारी साधनं दोन जातीची असतात. काही नुसती सजवतात: भाषेचे राखीव शब्द ठळक, शेरे तिरके, ओळींना आकडे. लाटेकमधलं 'लिस्टिंग्ज' हे पॅकेज असं काम सुरेख करतं. दुसरी तुम्ही सोडलेली मोकळी जागा बाजूला सारतात आणि भाषेच्या व्याकरणाप्रमाणे मजकूर नव्यानं मांडतात. युनिक्सवरचं 'इंडेंट' हे जुनं साधन या जातीचं. माझा प्रोग्रॅम त्यातून गेला असता, तर तो 'एल्स' सरकून दुसऱ्या 'इफ'खाली जाऊन बसला असता आणि मी दचकलो असतो. 'गोटू फेल'ची दुसरी ओळही डावीकडे येऊन उघडी पडली असती. आधी या साधनातून काढावं, मग हवं तेवढं सजवावं. मी उलटं केलं होतं.

डोनाल्ड कनूथ यांच्याबद्दल वाचलं तेही याच काळात. त्यांच्या 'दि आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाची आधीची छपाई मोनोटाइपच्या शिशाच्या खिळ्यांवर झाली होती. 1977 साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली ती फोटोटाइपसेटिंगची, आणि ती त्यांना इतकी खटकली की त्यांनी अक्षरजुळणीसाठी 'टेक' हा स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. वर्षभरात संपेल वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं. पुढे त्यांनी 'वेब' नावाची पद्धत काढली. एकाच फाईलमधून 'टँगल' यंत्रासाठी कोड काढतं आणि 'वीव्ह' माणसासाठी छापायची पानं तयार करतं. 1986मध्ये टेकचा सगळा कोड अशा पानांचं पुस्तक म्हणून छापला गेला. राखीव शब्द ठळक, चलांची नावं तिरकी, शेवटी सूची. शिवाय चूक दाखवणाऱ्याला कनूथ स्वतः चेक पाठवत.

हे मी अब्बांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्याला खिळ्याची छपाईच पाहिजे होती. आमचे खिळे किलोवर गेले तेव्हा सांगितलं असतंस, तर त्याला पाठवले असते." आणि हसले. कम्प्युटरच्या गोष्टीवर त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात मीही इतकी वर्षं राहिलेलं बोलून टाकलं, की त्या दिवशी तुमचं प्रश्नचिन्ह बरोबर होतं. "मालूम है," ते म्हणाले. "तेरा मुँह देखके समझ्या था."

आजही महत्त्वाचा कोड मी कागदावर छापून वाचतो. आधी साधनातून काढतो, ठळक-तिरकं बेतानंच ठेवतो. ताऱ्यांच्या चौकटी कधीच सोडल्या. उजवीकडचा समास मात्र रुंद ठेवतो. शेजारचे सहकारी विचारतात, एवढा कागद का वाया घालवतोस? मी त्यांच्या हातात पेन्सिल देतो आणि वाचायला सांगतो.