भट्टीतला मैलाचा दगड

एनजीसी १३६५. एखाद्या सरकारी फाइलचा नंबर वाटतो ना? पण फोटो बघाल तर बघतच राहाल. दक्षिण आकाशात फोरनॅक्स, म्हणजे भट्टी, नावाचा तारकासमूह आहे, त्यातली ही दीर्घिका. मधोमध ताऱ्यांचा लांबलचक दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक वळणदार बाहू. रुंदी साधारण दोन लाख प्रकाशवर्षं, आपल्या आकाशगंगेच्या जवळपास दुप्पट.

हा दांडा काही घट्ट वस्तू नाही बरं का. लांबट कक्षांत फिरणाऱ्या ताऱ्यांची ती रचना. त्याच्या कडेने वायू केंद्राकडे घसरत जातो आणि तिथे नवे तारे जन्मतात.

पण मला ही आवडते ती दुसऱ्याच कारणासाठी. १९९० च्या दशकात विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय यावर मोठं भांडण होतं. कुणी म्हणे ५०, कुणी १००. (एकक सोडा, पण यावरूनच विश्वाचं वय ठरतं, आणि उत्तरात दुपटीचा फरक!) भांडण मिटवायला अंतरं नीट मोजणं भाग होतं.

त्यासाठी सेफीड तारे कामाला आले. हे ठरावीक काळाने उजळतात, मंदावतात. तारा जितका तेजस्वी, तितकं त्याचं चक्र लांब, हे हेन्रिएटा लेविटने १९१२ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे चक्र मोजा, खरं तेज कळेल. दिसणाऱ्या तेजाशी ताडा, अंतर कळेल. हबल दुर्बिणीने १३६५ मध्ये असे पन्नासेक तारे शोधले आणि अंतर निघालं सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षं. अशा बऱ्याच दीर्घिका मोजून २००१ मध्ये आकडा आला ७२.

मिटलं? कसलं! २०१२ मध्ये याच दीर्घिकेत एक सुपरनोव्हा दिसला. अंतर आधीच माहीत, त्यामुळे त्याच जातीच्या दूरदूरच्या सुपरनोव्हांसाठी आयतं मापच मिळालं. या वाटेने आकडा येतो ७३ च्या आसपास. आणि विश्वाच्या बालपणीच्या प्रकाशावरून, म्हणजे प्लँक उपग्रहाच्या नोंदींवरून, येतो ६७. दोन टीम, दोन पद्धती, दोघांचे टेस्ट पास, तरी उत्तरं जुळत नाहीत! जेम्स वेब दुर्बिणीने सेफीड पुन्हा तपासले, हबलची मोजणी बरोबरच निघाली. म्हणजे कुठेतरी बारीक चूक अजून लपलीये, नाहीतर आपल्या भौतिकशास्त्रातच काहीतरी राहून गेलंय. मला दुसरं असावं असं मनापासून वाटतं, पण आपल्या वाटण्यावर विश्व चालत नाही.

असो. डिसेंबरच्या मध्याला रात्री दहा-साडेदहाला पुण्या-मुंबईहून दक्षिणेला, क्षितिजापासून ३५ अंशांवर ही असते. शहराबाहेर, काळोखात, बरी दुर्बीण लावली तर एक फिकट धुरकट ठिपका दिसेल. अख्ख्या विश्वाच्या वयाचा हिशोब अशा ठिपक्यांवर उभा आहे.