शहरात खाजगी गाड्यांवर बंदी हवी का?

मागच्या आठवड्यात नववीला हा निबंधाचा विषय दिला. लिहिण्याआधी वर्गात चर्चा घेतली. बंदी हवी म्हणणाऱ्यांनी धूर, हॉर्न, गोंदियाच्या बाजारातली गर्दी असे नेहमीचे मुद्दे काढले. दुसरा गट म्हणाला, "आमच्या पैशाची गाडी, कुठं न्यायची ते आम्ही ठरवू." दोन्ही बाजू फळ्यावर लिहून झाल्या. तेवढ्यात जंगलाकडच्या गावाहून येणारी एक मुलगी उठली. "सर, आमच्या गावाले तं बंदीच आहे जी. गाडी कोनाकडंच नाही. बस सुटली का शाळा बी सुटली."

वर्ग हसला. मला मात्र एसटीचा संप आठवला. 2021 च्या दिवाळीआधी सुरू झालेला तो संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. करोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. ज्यांच्या घरी मोटारसायकल होती, त्यांची पोरं आली. मुलींसाठीची मानव विकासची बसही एसटीचीच. हजेरीपटावर मुलींच्या नावांपुढं गैरहजेरीची रांग लागायची. गाडी निवडायचं स्वातंत्र्य या मुलींना कधी होतं?

मग वर्गाला माथेरानबद्दल सांगितलं. तिथं दस्तुरी नाक्याच्या पुढं मोटारी जात नाहीत. हवा, शांतता, सगळं छान. पण ओझं कुठं जातं? वर्षानुवर्षं तिथं माणसं हातरिक्षा ओढत राहिली. ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून आल्या 2022 च्या अखेरीस, आणि हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं. मोटारबंदी आधी झाली, पर्याय फार उशिरा आला.

माझं मत विचाराल तर, बाजारपेठेत आणि शाळांच्या फाटकासमोर ठरावीक वेळी गाड्या बंद कराव्यात. पण त्याआधी वेळेवर येणारी बस हवी, ती शहराला हवी आणि खेड्यालाही. हे लिहिताना थोडी लाजही वाटते. मी स्वतः रोज गोंदियाहून कारनं येतो, एकटाच. चार सीट रिकाम्या.

त्या मुलीनं निबंध चारच ओळींचा लिहिला. सवयीनं मी खाली 'मुद्दे अपुरे' असा शेरा मारला होता, तो खोडला. या आठवड्याचा विषय बदललाय : 'आमच्या गावाला येणारी बस'. वह्या अजून यायच्या आहेत.