हुद्द्याचे ताट

नोकरीत असताना दौऱ्यावर गाठ पडलेल्या हॉटेलांविषयी मी छातीठोकपणे मत देत असे. ते किती पोकळ होते, हे निवृत्तीनंतर भेस्तानला, पुतण्याच्या घरी उमगले. सुरतेतील ज्या उपाहारगृहात पूर्वी माझी सरबराई झाली होती, तेथे जाण्याची शिफारस मी त्याला केली होती. तो सहकुटुंब गेला, तासभर ताटकळला आणि शिळे खाऊन घरी आजारपण घेऊन आला. "काका, तुम्ही जेवलात ते हॉटेल वेगळंच असावं," एवढेच तो म्हणाला. खरेच होते, माझ्यापुढे येई ते हुद्द्याचे ताट.

अधिकाऱ्याने उपाहारगृह कसे पाहावे, याचा धडा याच शहराने दिला होता. १९९४ च्या प्लेगनंतर आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी अस्वच्छतेबद्दल बड्या उपाहारगृहांचीही गय केली नाही. मी मात्र स्वयंपाकघरात कधी डोकावलोच नाही.

परवा भेस्तानच्या एका खानदेशी खाणावळीत बाकावर बसून शेवभाजी खाल्ली. रस्सा झणझणीत, भाकरी किंचित करपलेली, पेला स्वच्छ. मला तेथे कोणीही ओळखत नव्हते. म्हणून हा अभिप्राय खरा मानावा.