तो पिवळा दिवा

मैत्रिणींनो, गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. गेल्या श्रावणात आमच्याकडे तो लागला आणि घरात सरळ माझ्यावरच खटला उभा राहिला! पंचेचाळिशीत गाडी शिकले ना मी. "क्लचवर पाय ठेवून चालवतेस, दुसरं काय!" ह्यांनी निकालही देऊन टाकला.

गॅरेजवाला म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. भिशीचे साडेपाच हजार मोजले. पाचव्या दिवशी दिवा पुन्हा हजर! ह्यांचं ते हसणं... जाऊ दे.

रविवारी भाचा आला. मोटार मेकॅनिकचा कोर्स केलाय त्याने. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्याने स्कॅनर लावला. उमटलं, पी ०१७१. म्हणजे मिश्रण 'लीन'. "मावशी, एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथे हवा जास्त होतेय, नाहीतर पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर नुसती चहाडी करतो गं, त्यालाच कशाला घालवलंस?"

आपल्या गॅसच्या शेगडीचंच पाहा ना. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते नि पातेली काळी. गाडीत तो उलटा प्रकार, 'रिच', पी ०१७२. त्यात सायलेन्सरमधून काळा धूर येतो, पेट्रोलचा वास येतो.

गाडी जागेवरच चालू ठेवली, तर इंजिन नेहमीपेक्षा २२ टक्के जादा पेट्रोल मागत होतं. मला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावला, आकडा उतरून ५ वर! "पंप कमजोर असता तर जोर दिल्यावर आकडा चढला असता. हवा मोजणाऱ्या यंत्राला चुकवून कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय. इंजिन सावकाश असताना एकूण हवाच थोडी, म्हणून तेव्हा चोरी मोठी दिसते." बॉनेट उघडून कान दिला, तर बारीक फुस्स! एका रबरी नळीला मागून चीर होती. नळी दोनशे ऐंशी रुपयांची!

एक मात्र सांगते. दिवा स्थिर असेल तर बेताने गॅरेज गाठता येतं, पण लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घेऊन बंदच करा. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून खराब करतं, आणि तो भलताच महाग.

जुना सेन्सर मी गॅरेजवाल्याकडून मागून आणला होता. सध्या तो ह्यांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय. अजून एक शब्द बोलले नाहीत.