कुलूप कुणासाठी?

पहिल्या भेटीत मी सहसा बंदुकीचा विषय काढत नाही. झोपेबद्दल विचारते. समोरच्याच्या जिवाला तातडीचा धोका दिसला तर गोष्ट वेगळी, तेव्हा थेट विचारावंच लागतं. एरवी झोपेबद्दल मोकळं बोलू दिलं की बंदूक आपोआप बोलण्यात येते. "दारं दोन-तीनदा तपासतो आणि मग पडतो." आणि पिस्तूल? "उशीखाली. भरलेलं." चष्मा कुठे ठेवता, याचं उत्तर द्यावं तितक्या सहज.

मी कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये माजी सैनिकांचं समुपदेशन करते. शहराला लागूनच फोर्ट कार्सन ही लष्कराची मोठी छावणी आहे. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत इथून तुकड्यांमागून तुकड्या गेल्या. परतल्यावर, सेवा संपल्यावर, बरेच जण इथेच राहिले. डोंगर आहे, शिकार आहे, आपल्यासारखी माणसं आहेत. माझ्याकडे येतात ते पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या ताणविकाराचं, निदान झालेले. युद्ध मागे पडलं तरी त्यांचं शरीर अजून ड्यूटीवर असतं. हॉटेलात गेले तर भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असे बसतात. चार जुलैच्या, अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांना तळघरात जाऊन बसतात. अशा माणसाच्या दृष्टीनं पिस्तूल हा शौक नसतो. त्याच्या जिवावर तो रात्री चार तास तरी डोळा लावतो. त्याला "बंदूक घरात ठेवू नका" म्हणणं म्हणजे पहारा सोडून झोपा म्हणणं.

आणि तरीही मला हा विषय सोडता येत नाही. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. माजी सैनिकांच्या आत्महत्यांमध्ये तर दहापैकी सातांच्या हाती बंदूक असते. बंदुकीनं केलेला प्रयत्न जवळजवळ नेहमीच जीव घेतो. उलट, कुठल्याही मार्गानं केलेल्या प्रयत्नातून जे वाचतात, त्यांच्यातले दहापैकी नऊ जण पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. ह्यूस्टनमध्ये मृत्यूच्या दारातून परतलेल्या तरुणांच्या मुलाखती झाल्या होत्या, २००१ साली त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांच्यातल्या सुमारे चौथ्या हिश्शानं सांगितलं की ठरवणं आणि करणं यांच्यात पाच मिनिटंही गेली नाहीत. माझं सगळं काम त्या पाच मिनिटांशी आहे. माणूस आणि बंदूक यांच्यात तेवढा वेळ, जमलं तर थोडा जास्त, कसा घालायचा, एवढाच प्रश्न.

पण आधी भीती दूर करावी लागते. त्यांना माझी भीती वाटते, हे ऐकून सातारच्या माझ्या नातेवाइकांना हसू येतं. "हे कुठे लिहिणार? सरकारला कळवणार?" हे प्रश्न हमखास येतात. ते वेडगळ नाहीत. फ्लोरिडानं २०११ मध्ये डॉक्टरांनी रुग्णाला बंदुकीबद्दल विचारण्यावरच कायद्यानं बंधनं घातली होती, ती न्यायालयानं २०१७ मध्ये रद्द केली. कोलोरॅडोत न्यायालयाच्या आदेशानं धोक्याच्या काळापुरती बंदूक काढून घेण्याचा कायदा २०१९ मध्ये झाला, तेव्हा आमच्या एल पासो काउंटीनं त्याविरोधात ठरावच केला. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते : तुमच्याकडे किती बंदुका आहेत हे मला नको, नंबर नकोत, त्या कशा ठेवता तेवढं सांगा. माझ्याकडे कुणाची बंदूक काढून घ्यायचा अधिकार नाही आणि तो मला नकोही.

एक जण होता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. चाळिशी ओलांडलेला, अफगाणिस्तानातून दोनदा जाऊन आलेला, घरी बायको आणि शाळकरी मुलगी. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "मॅम, तुम्ही कधी बंदूक हातात धरली आहे का?"

धरली होती, आबांची. आबा म्हणजे माझे चुलते, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमचा भागच फौजींचा; अपशिंगे मिलिटरी गाव आमच्यापासून फार लांब नाही. रानडुकरं उसात शिरायची म्हणून आबांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढून बारा बोअरची बंदूक घेतली होती. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून निरोप यायचा, परवान्याची शस्त्रं जमा करा. आबा बंदूक फडक्यात गुंडाळायचे, मोटारसायकलवर आडवी घ्यायचे, ठाण्यात देऊन पावती आणायचे. निकाल लागला, आचारसंहिता उठली, की पावती दाखवून परत. यात त्यांना कधी अपमान वाटल्याचं मला आठवत नाही. चहा पिऊन यायचे ठाण्यात.

हे मी त्याला सांगितलं. तो आधी हसला. "इथे असा निरोप आला तर दंगल होईल." खरंच होईल, मी म्हटलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आणि परत मिळायची? त्याच हालतीत?" दर वेळी, मी म्हटलं. आबा नळीत बोट घालून बघायचे, गंज तर नाही ना. मग तो स्वतःच्या बंदुकांबद्दल बोलायला लागला. एल्क हरणांच्या शिकारीच्या दोन रायफली, वडिलांची एक शॉटगन आणि ते पिस्तूल.

आता कुलपांबद्दल. आमच्याकडे केबलची कुलपं फुकट मिळतात. प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार बंदुकीतून ओवायची आणि टोकाला छोटं कुलूप लावायचं. वर संकटकाळच्या फोनचा नंबर छापलेला : ९८८, आणि माजी सैनिकांनी पुढे १ दाबायचा. मी ती खूप वाटते, पण माझ्या मते बरीचशी ड्रॉवरमध्येच पडून राहतात. कपाटातल्या रायफलीला ती ठीक. रात्री आवाज झाला की क्षणात हाती यावं म्हणून ज्यानं पिस्तूल ठेवलंय, तो अंधारात किल्ली शोधत बसणार नाही. त्याला पलंगाशेजारी बोल्टनं घट्ट बसवलेली, बोटांनी आकडे दाबून दोन-तीन सेकंदांत उघडणारी पेटी पटते. मुलगी रात्री पाणी प्यायला उठते, दचकून जागं झाल्यावर समोर कोण आहे हे कळायला तुम्हाला किती वेळ लागतो, असं विचारलं की बहुतेक बाप तिथल्या तिथे तयार होतात. यानंही त्याच आठवड्यात पेटी घेतली.

पण पेटीचे आकडे त्याला पाठ. कुलूप मुलीला अडवतं, चोराला अडवतं, मालकाला अडवत नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण पेटी घेतली म्हणजे सगळं झालं असं वाटू लागतं, कधी कधी आम्हा समुपदेशकांनासुद्धा. शेतीच्या औषधांबाबत हेच दिसलंय. श्रीलंकेत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन मोठी चाचणी घेतली गेली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले : विष घेण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही. किल्ली त्याच घरात असणार, दुसरं काय होणार? त्याच देशात अतिजहाल औषधांवर बंदी आली तेव्हा मात्र आत्महत्या झपाट्यानं उतरल्या. तमिळनाडूत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या गटानं औषधं घराबाहेर, गावाच्या सामायिक कोठारात ठेवून पाहिली, तिथेही आशा वाटावी असं दिसलं. विदर्भातल्या शेतकरी-आत्महत्यांच्या बातम्या वाचताना मला हे कोठार हटकून आठवतं. किल्ली कुठे आणि कुणाकडे, यावर सगळं अवलंबून आहे.

पुढच्या भेटीला तो बायकोला घेऊन आला. रायफलींच्या कुलपांची किल्ली बायकोकडे द्यावी असं त्याच्या मनात होतं. ती म्हणाली, "माझ्याकडे नको." तो दुखावला. तिचं म्हणणं असं, की वाईट रात्री तो मागणार, मी नाही म्हणणार, आणि मग त्या घरात आम्ही दोघं आणि ती किल्ली. मला ते शंभर टक्के पटलं. बायकोला पहारेकरी करायचं आणि वर तिनं बायकोही राहायचं, हे पुस्तकात सोपं दिसतं. शेवटी त्याचा थोरला भाऊ पुढे आला, प्वेब्लोचा, पाऊण तासावर राहणारा. कोलोरॅडोत बंदूक मित्राकडे ठेवायची तर ७२ तासांपलीकडे पार्श्वभूमीची तपासणी लागते. सख्ख्या भावाला ती अडचण नाही. रायफली आणि शॉटगन त्याच्याकडे गेल्या. पिस्तूल राहिलं. मात्र त्यानं स्वतःहून एक गोष्ट जोडली : ज्या महिन्यात त्याचा जवळचा मित्र मारला गेला, तो महिना पिस्तूलही भावाकडे. तारखा त्यानंच कॅलेंडरवर लिहून दिल्या.

सगळे असे नसतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेला, सत्तरी उलटलेला, एकटा राहणारा एक गृहस्थ माझं सगळं शांतपणे ऐकायचा आणि म्हणायचा, "नाही." कुलूप नाही, भाऊ नाही, शेजारी नाही. शेवटी मी विचारलं, तुम्ही कुणाचं ऐकता? तो म्हणाला, माझ्या बंदुकवाल्याचं. या उत्तराचं मला नवल वाटलं नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली आठवड्याभराच्या आत तिघांनी एकाच दुकानातून बंदूक घेऊन काही तासांत जीव दिला. दुकानाचे मालक राल्फ डेमिको हादरले आणि बंदूकविक्रेते आणि आत्महत्या रोखण्याचं काम करणारे एकत्र बसू लागले. कोलोरॅडोत बंदूक काही काळ ठेवून घेणाऱ्या दुकानांचा आणि पोलीस कार्यालयांचा नकाशाच आहे. मी तो छापून या गृहस्थाला दिला. त्याचं दुकान त्यावर होतं. त्यानं कागद घडी करून खिशात घातला. पुढे काय केलं, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो भेटींना येत राहिला.

पेटीवाल्याचे उपचार वर्षभर चालले. तो ज्या प्रसंगाबद्दल तोंड उघडत नव्हता, तो त्यानं पुन्हा पुन्हा सांगितला, लिहिला, त्यातला स्वतःचा दोष तपासला. झोप सुधारली. दारं अजून तपासतो, पण एकदाच. शरद ऋतूत एल्कचा हंगाम आला, तेव्हा त्यानं रायफली परत मागितल्या, आणि भाऊ, बायको, मी, तिघांचंही त्यावर एकमत झालं. हंगाम संपल्यावर पिस्तुलाबद्दल त्यानं एक मागणी केली : मित्राच्या महिन्यातही आता ते घरीच राहू द्या, मी बरा आहे. मी म्हटलं, मला वाटतं अजून एक वर्ष जाऊ द्या. तो म्हणाला, विचार करतो. बंदूक त्याची, निर्णय त्याचा. महिना यायला अजून वेळ आहे. त्याच्या आधीच्या आठवड्याची भेट मी आताच नोंदवून ठेवली आहे, आणि भाऊही येणार आहे.