पारवा की राखाडी?

मस्कतमध्ये राहणाऱ्या माणसाला रंग निवडायची सवयच उरत नाही. इमारती बाहेरून पांढऱ्या नाहीतर फिकट बदामी, नगरपालिकेचे नियमच तसे. आणि भाड्याचा फ्लॅट आतूनही पांढरा. रुवीत आम्ही उभयतांनी तेवीस वर्षं पांढऱ्या भिंती पाहण्यात काढली. आता निवृत्तीनंतर राहायला म्हणून रत्नागिरीचं घर रंगवायला काढलंय, तर दोन करड्या रंगांपाशी अडून बसलोय!

पुतण्याने आधी फोटो पाठवले. पण फोनचा कॅमेरा उजेड बघून रंग आपल्या मनाने जुळवून घेतो, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसले. मग एका स्नेह्यांबरोबर शेडकार्डं मागवली, तेव्हा फरक कळला. एकात निळसर झाक, म्हणजे आपला पारवा. दुसऱ्यात किंचित पिवळट, शेणीच्या राखेसारखी. दुकानदार दोघांनाही ग्रेच म्हणतो. मराठी त्या मानाने चोखंदळ!

कार्डं हॉलमध्ये चिकटवली. ट्यूबच्या उजेडात पारवा प्रसन्न, राखाडी मळकट. रात्री पिवळा दिवा लावला की राखाडी उबदार आणि पारवा अगदी मरगळलेला. बरं, रुवीतला उजेड येतो तो उघड्या काळपट-तपकिरी डोंगरांवरून आणि समोरच्या पांढऱ्या भिंतींवरून. रत्नागिरीला पावसाळ्यात तो ढगांतून गाळून येणार, निळसर. एरवी अंगणातल्या तांबड्या मातीवरून. म्हणजे इथे पसंत केलेला रंग तिथे तोच दिसेल याची खात्री काय?

आमच्यातले 'हे' राखाडीच्या बाजूचे. संध्याकाळी रुवीचे डोंगर असेच दिसतात म्हणे. 'ही' म्हणते, डोंगर इथेच राहू देत, तेवीस वर्षं पाहिले, पुरे झाले. आठवडाभर असा वाद चालला. मग इथेच जन्मलेल्या आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "पण तुम्ही तिथे कायमचे राहणार आहात ना, नक्की?" आम्ही दोघंही शेडकार्डाकडे बघत राहिलो. परत जायचं हे कधीच ठरलं होतं. पण असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

रत्नागिरीला आईंचं वेगळंच. "घराला राख फासायची का रे?" त्यांनी फोनवर विचारलं.

शेवटी पुतण्याला सांगितलं, माजघरात दोन-दोन फुटांचे दोन चौकोन रंगव. रंगाचे दोन हात दे आणि मध्ये पांढरी जागा सोड, नाहीतर एकाची झाक दुसऱ्यामुळे वेगळी भासते. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला आईंनीच पाहून सांगायचं. पाऊस लागायच्या आत काम उरकायला हवं, दमट हवेत रंग लवकर वाळत नाही.

काल त्यांचा फोन आला. माजघराला राखच बरी दिसते म्हणाल्या. पडवीला मात्र पारवा लावा, तिथे नाहीतरी पारवेच येऊन बसतात.