फाटकातून आत

चित्रपटातील नायक-नायिकांची नावे वाचून झाली, की पुष्कळांची नजर पडद्यावरून ढळते. मला मात्र त्यापुढच्या, दुय्यम भूमिका करणाऱ्या नटांच्या नावांचे कुतूहल वाटते. बंगळूरात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना त्यांपैकी एका नावाविषयी विशेष जिव्हाळा आहे.

याच शहरात १२ डिसेंबर १९५० रोजी एका मराठी पोलीस शिपायाच्या घरी शिवाजीराव गायकवाड यांचा जन्म झाला. आमच्यासारखीच त्यांच्याही घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. काही काळ बसवर कंडक्टरी करून त्यांनी मद्रासला अभिनयाचे शिक्षण घेतले. तमिळ पडद्यावर शिवाजी गणेशन आधीच विराजमान होते. म्हणून दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्यांचे नामकरण केले : रजनीकांत.

‘अपूर्व रागंगळ’ (१९७५) मध्ये ते प्रथम दिसतात ते फाटक ढकलून आत येणारा, अस्ताव्यस्त वेषातला, कर्करोगाने ग्रासलेला पती म्हणून. भूमिका लहानशी. ‘१६ वयतिनिले’ (१९७७) मध्ये ते गावगुंड झाले. ‘मुळ्ळुम मलरुम’ (१९७८) मध्ये हात गमावलेला, बहिणीवर जीव टाकणारा मानी कामगार.

दुय्यम नटाच्या वाट्याला मोजकेच प्रसंग येतात. चालण्यातून, नजरेतून माणूस उभा करावा लागतो. त्यातून तमिळ ही मायबोली नव्हे, शिकून घेतलेली भाषा! पुढे अफाट लोकप्रियता आली, २०२१ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला. परंतु परक्या भाषेच्या घरी प्रथम ओसरीवर बसण्याची त्यांची तयारी होती, हेच मला अधिक मोलाचे वाटते.